आवाजाची जामीनकी

पुराणांतल्या आकाशवाणीला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागत नाही. नवपरिणीत बहिणीचा रथ कौतुकाने स्वतः हाकीत निघालेल्या कंसाच्या कानी, हिचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल, एवढेच शब्द पडले आणि तेवढ्यावर त्याने तलवार उपसली. हे कोण बोलले, कोठून बोलले, बोलणाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण काय, याची चौकशी करण्याची बुद्धी त्या राजकारणपटू पुरुषालाही झाली नाही. १९३५ साली म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी उभारलेल्या लहानशा प्रक्षेपण केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव लाभले आणि पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने ते स्वीकारले, तेव्हा त्या शब्दाच्या सौंदर्याबरोबर कंसाची ती समजूतही सरकारी दप्तरी दाखल झाली असावी, अशी मला पुष्कळ दिवस शंका आहे. वरून येणाऱ्या आवाजाला पुरावा मागावयाचा नसतो, ही ती समजूत.

प्रत्यक्षात रेडिओ आकाशात नसतो. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर कणीक तिंबणारी बाई क्षणभर हात थांबवून, ‘खोटं बोलतोय मेला,’ असा निकाल देऊन पुन्हा कणकेकडे वळते. त्या निकालावर अपील नाही. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, हावभाव दिसत नाहीत, पेहराव दिसत नाही. जे काही खरेखोटे ठरवावयाचे ते श्वासावरून, थांबण्यावरून, एखाद्या शब्दावर नको तेवढा जोर पडण्यावरून, आणि या कामी आपल्या बायाबापड्यांचे कान मुन्सफाच्या नजरेहून तिखट असतात. अशा कानांपुढे ‘आपला’ वाटणारा आवाज कसा घडतो, आणि तो मुळात घडवावा लागतो की अंगभूतच असतो, हा या लेखाचा विषय.

प्रस्तुत लेखकाने वीसएक वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी, महिन्याला सहा ड्यूट्या याप्रमाणे, नैमित्तिक उद्घोषकाचे काम इमानेइतबारे केलेले आहे. स्वरचाचणीत उत्तीर्ण झालो त्या दिवशी आपला आवाज चांगला असल्याचा सरकारी दाखलाच मिळाला, अशा गुर्मीत मी पहिल्या ड्यूटीला हजर झालो. स्टुडिओचे जाडजूड दुहेरी दार मागे लागले की बाहेरचे जग एकदम कापल्यासारखे नाहीसे होई. भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, जमिनीवर जुनाट गालिचा, वातानुकूलन यंत्राचा ओलसर वास, समोर फेडरची रांग, डाव्या हाताला क्यू शीट, आणि दाराच्या वर तो लाल दिवा. काचेपलीकडे एक ज्येष्ठ निवेदिका बसत. सारे केंद्र त्यांना ताई म्हणे. माझी पहिली चार वाक्ये ऐकून त्यांनी गाणे सुरू होताच आतल्या स्पीकरवरून विचारले, “कोणाशी बोलतोयस?”

“श्रोत्यांशी, ताई.”

“किती आहेत?”

“असतील लाखभर.”

“मग सभा घेतोयस तू. एक बाई डोळ्यापुढे आण. तांदूळ निवडत बसलीय, मान खाली आहे. तुझं वाक्य इतकंच असावं की तिला खडा टाकायचं भान राहील.”

ताईंनी ‘नैसर्गिक बोल’ असे एकदाही म्हटले नाही. नैसर्गिक बोलणे म्हणजे अडखळणे, पाल्हाळ लावणे, वाक्य अर्ध्यावर सोडून देणे. घरी ते खपते, ध्वनिक्षेपकापुढे असह्य होते. बोलल्यासारखे वाटावे म्हणून आधी लिहावे लागते, लिहिलेले पुसावे लागते, आणि पुसून उरलेले असे वाचावे लागते की कागदाची सळसळ शब्दांतही ऐकू येऊ नये. १९२७ पासून चार-पाच वर्षे बी.बी.सी.च्या भाषण विभागाचे संचालकपद सांभाळणाऱ्या हिल्डा मॅथेसन यांनीही हेच ओळखले होते. नामवंत विद्वानांना व्यासपीठावरून उतरवून एका माणसाच्या बैठकीच्या खोलीत नेऊन बसविणे हेच आपले मुख्य काम मानून त्या बाई त्यांच्याकडून तालमी करवून घेत. ताईंनी मॅथेसनबाईंचे नावही ऐकलेले नव्हते.

तालीम घेऊनही मी ठेच खाल्लीच. श्रावणातला कार्यक्रम होता, ध्वनिमुद्रण सोमवारी झालेले, प्रक्षेपण गुरुवारी. संहितेला काहीसा जिवंतपणा यावा म्हणून मी, ‘आणि आत्ता, या क्षणी, खिडकीबाहेर कोवळं ऊन पडलंय,’ असे एक वाक्य घालून दिले, नंतर त्याचा मला विसरही पडला. आठवड्याने केंद्रावर एक पोस्टकार्ड येऊन पडले. मजकूर असा: ‘तुमच्या केंद्राला खिडकी कोणत्या बाजूला आहे? आमच्याकडे परवापासून धुवाधार आहे, ओढा भरून वाहतोय, गोठ्याचे दोन पत्रे उडाले. ज्या खिडकीतून ऊन दिसतं ती कळवावी.’ लिहिणारा केंद्रापासून दहा-बारा कोसांवरचा शेतकरी होता. लज्जेची गोष्ट अशी की, आमच्या स्टुडिओला कोणत्याच बाजूला खिडकी नव्हती.

त्या पोस्टकार्डाने माझ्या मनात जो प्रश्न टोचून ठेवला, त्याचे निम्मे उत्तर मला पुढे अमीन सायानी यांच्या कारकीर्दीत सापडले. १९३२ साली मुंबईत जन्मलेला हा मनुष्य. थोरले बंधू हमीद इंग्रजी नभोवाणीतले नाणावलेले, आणि मातुःश्री कुलसुम सायानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालविले होते. नवसाक्षरांना वाचता यावे अशा सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत ते निघे आणि घरातला हा मुलगा त्यात हातभार लावी. पुढे हिंदी निवेदनासाठी त्याने आकाशवाणीकडे अर्ज केला, तो नामंजूर झाला. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया पडते, असा शेरा बसला. शेरा खोटा नव्हता. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या गुजराती घरातल्या मुलाचा ‘स्वतःचा’ आवाज तोच होता, आणि सरकारी निकषाप्रमाणे तो नापास होता.

त्याच सुमारास, १९५२ साली, केंद्रीय नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या अमलात चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दरवाजे बंद झाले. केसकर संगीताचे गाढे जाणकार होते आणि शास्त्रीय गायनाला त्यांनी राजाश्रय दिला, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, लोकांच्या कानांना फर्मान लागू होत नाही. महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला बलदंड प्रक्षेपक ज्याच्या वाट्याला आला होता ते रेडिओ सिलोन लघुलहरींवर भारतभर स्वच्छ ऐकू येई. देशातले कान तिकडे वळले. त्या वर्षी ३ डिसेंबरला तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. संहिता लिहिणे, निर्मिती करणे, निवेदन करणे आणि टपाल निस्तरणे, या सगळ्याचा मोबदला आठवड्याला २५ रुपये. ज्येष्ठ मंडळी इतक्यावर राजी होईनात म्हणून काम या विशीच्या पोराकडे आले. प्रारंभीचे स्वरूप अगदी साधे होते: सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली, आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० वर गेला, असे सायानी स्वतः सांगत.

आता हे नीट पाहण्यासारखे आहे. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि बुधवारी रात्री आठ वाजता तेथून प्रक्षेपण होई. म्हणजे ऐकणाऱ्याच्या ‘आत्ता’मध्ये बोलणारा मुळी नसेच. बोलणे लिहिलेले असे. भगिनींना बंधूंच्या आधी पुकारणारे ते सुप्रसिद्ध संबोधन विचारपूर्वक ठरविलेले होते. शिवाय हा सारा खटाटोप एका स्विस कंपनीचे दंतमंजन खपावे म्हणून चाललेला. खरेपणाच्या आजकालच्या व्याख्येत यांतली एकही गोष्ट बसत नाही, आणि तरीही त्या आवाजाला कोणी लबाड म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

माझ्या मते त्याची कारणे दोन. नापास झालेल्या उच्चारांवर त्यांनी मेहनत घेतली ती संस्कृतप्रचुर सरकारी हिंदीची नक्कल करण्यासाठी घेतली नाही. ‘रहबर’च्या पानांवर नवसाक्षरासाठी जी भाषा घरात रोज घडत होती तीच त्यांनी ध्वनिक्षेपकापुढे नेली, म्हणजे कमावलेली असूनही ती उसनी नव्हती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाण्यांचा क्रम प्रथम तबकड्यांच्या विक्रीवरून लावला जाई; पण दुकानांतून माल संपला की खपाचा आकडा फसवा ठरतो आणि ज्यांचा स्वार्थ आहे त्यांना तबकड्या घाऊक विकत घेऊन आकडा फुगविता येतो, हे ध्यानी आल्यावर गावोगावच्या श्रोता संघांचा कौल त्यात मिसळण्याची व्यवस्था करण्यात आली. निवेदक ‘आत्ता’ बोलतो आहे की परवा बोलून ठेवले आहे, याचे श्रोत्याला सोयरसुतक नव्हते. पहिल्या पायदानावरचे गाणे खरोखरच पहिले आहे की नाही, एवढ्यावर त्याचा विश्वास टांगलेला होता, आणि तेवढ्यापुरता हा आवाज त्याला जामीन राहिला होता. जुन्या कोर्टकज्ज्यांत जामीन राहणाऱ्याचे रूप, कूळ, बोलण्याची ढब यांना किंमत नसे. वेळ आली तर हा मनुष्य भरणा करील का, एवढेच विचारले जाई. माझ्या उन्हाच्या वाक्यात नेमकी हीच गफलत होती. जे मी भरून देऊ शकत नव्हतो त्याचा कागद लिहून दिला होता.

बोलणाऱ्याची ओळख पटविण्याचा प्रश्न एकदा खरोखरच राष्ट्रीय संरक्षणाचा प्रश्न होऊन बसला होता. बी.बी.सी.चे वृत्तनिवेदक आरंभी निनावी असत, संस्थेचा आवाज म्हणजेच त्यांचा आवाज. परंतु १९४० साली जर्मन स्वारीची धास्ती उत्पन्न झाली, शत्रू बनावट बातम्या देईल असे भय वाटू लागले, आणि श्रोत्यांना आवाज ओळखता यावा म्हणून अल्व्हार लिडेल आदी मंडळी स्वतःची नावे सांगून बातम्या वाचू लागली. पुढच्याच वर्षी यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचण्यास बसविण्यात आले. त्यांची उत्तरेकडची बोली उच्चारांतून डोकावे, निरोप घेतानाही ते आपल्या मुलखाच्या ढंगात शुभरात्री म्हणत. बोली त्यांची स्वतःची, अस्सल. श्रोत्यांनी मात्र तक्रारींचा वर्षाव केला: अशा उच्चारात वाचलेली बातमी खरी वाटत नाही! पिढीभर एकाच घडणीचा आवाज ऐकून कानांनी त्या घडणीलाच सत्य मानले होते. पण तेच पिकल्स १९४६ पासून ‘हॅव अ गो’ हा कार्यक्रम घेऊन गावोगावच्या सभागृहांत सामान्य माणसांशी त्याच बोलीत गप्पा मारू लागले, तेव्हा ऐकणाऱ्यांची संख्या ऐन भरात दोन कोटींच्या घरात गेली आणि कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. बातमीत जो उच्चार उपरा ठरला तोच गप्पांत घरचा ठरला. आवाज एकच होता. कानांची अपेक्षा बदलली होती.

त्याच लंडनमध्ये, त्याच काळात, आपल्या कोल्हापुराकडची एक स्त्री या पेचाच्या अगदी मध्यभागी बसलेली होती. वेणू चितळे या मूळच्या शिरोळच्या, बी.बी.सी.च्या पूर्वेकडील विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्या हाताखाली त्या काम करीत. १ मार्च १९४२ रोजी बी.बी.सी.ची मराठी सेवा सुरू झाली आणि १९५८ च्या अखेरपर्यंत चालली, ही गोष्ट आज आपल्यांतल्या पुष्कळांना माहीतही नसते. ऑर्वेल युद्धवार्तेचे साप्ताहिक मसुदे इंग्रजीत लिहीत, त्यांतले काही मराठीत उतरत आणि तिसऱ्याच व्यक्तीच्या मुखातून हिंदुस्थानात पोहोचत. प्रत्येक संहितेवर धोरण आणि सुरक्षितता असे दोन मंजुरीचे शिक्के बसत. शिवाय बोलणारा मंजूर मसुद्याबाहेर गेल्यास कळ दाबून आवाज तोडण्यासाठी स्वतंत्र माणूस तैनात असे. ज्या देशाचे पुढारी गजाआड होते त्या देशाला लोकशाहीच्या युद्धाची महती सांगण्याचे हे काम. ऑर्वेल यांची नेमणूक एरिक ब्लेअर या खऱ्या नावाने झालेली होती. पण हिंदुस्थानातल्या वाचकांत ‘ऑर्वेल’ या टोपणनावाला पत होती, म्हणून त्याच नावाने बोलण्याची सूचना पुढे आली, तेव्हा या नावावर जगायचे तर बोलण्याला निदान पुरेशी मोकळीक हवी, अशी अट त्यांनी घातली. खऱ्या नावाने नोकरी आणि धारण केलेल्या नावाने अब्रू. जामीनकी कोणत्या नावावर आहे हे त्या गृहस्थाला पक्के ठाऊक होते. १९४३ साली, आपला वेळ आणि जनतेचा पैसा फुकट जात असल्याची कबुली देऊन त्यांनी राजीनामा दिला. इतके बोलूनही त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ‘व्हॉइस’ या कार्यक्रमाच्या १९४२ च्या प्रसिद्ध छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद प्रभृतींच्या घोळक्यात ऑर्वेल आणि चितळे दोघेही दिसतात, ऐकू मात्र कोणीच येत नाही.

आपल्याकडे वळावे तर, बोलीचा प्रश्न पुणे केंद्राने सोडविला तो काहीसा योगायोगाने. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर त्या केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ नोकरीला होते. शेतकऱ्याशी बोलणारा माणूस शहरी साहेबाने पांघरलेली ग्रामीण बोली बोलतो आहे की खरोखर त्या मातीतला आहे, हे बांधावर रेडिओ टांगून बसलेल्याला पहिल्याच ‘रामराम’ला कळते, नाटकी ‘व्हय जी’ची सवय लागलेल्या निवेदकांनी या मुद्द्यावर आत्मपरीक्षण करावे, असे मला आजही वाटते. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’ची गोष्ट याच्या उलट. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडेभावजी ही माणसे उघडपणे कल्पित होती. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी ती रंगवीत. तरीही घराघरांतून त्यांच्याविषयी नात्यातल्या माणसांप्रमाणे बोलले जाई. सोंग हे सोंग म्हणून कबूल केलेले असले की त्यात लबाडी उरत नाही.

माडगूळकरांच्या त्याच कोरड्या मुलखात, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलते आहे. अशा केंद्राचा प्रक्षेपक अवघ्या ५० वॅटचा आणि टप्पा दहा-पंधरा किलोमीटरचा. आकाशवाणीच्या मानाने ही केवळ ओसरीवरची हाक. पण मला या अल्प टप्प्यातच मोठे रहस्य दिसते. ध्वनिक्षेपकापुढे बोलणारी बाई दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या बाजारात ऐकणाऱ्या बाईला समोरासमोर भेटणार असते. तिथे कोणी खोटे ऊन पाडायला धजणार नाही.

खाजगी एफ.एम.ची गोष्ट थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर तोंडसुख घेणे फार सोपे आहे. २००१ साली बंगळूरपासून ही केंद्रे सुरू झाली. स्वतःच्या बातम्या देण्यास त्यांना मनाई, गाणी सर्वांची तीच, म्हणजे वेगळेपणा दाखवावयास उरला तो दोन गाण्यांमधला अर्ध्या मिनिटाचा ‘लिंक’. त्या अर्ध्या मिनिटात आर.जे.ने खळखळून हसायचे, शहराशी सलगी दाखवायची, आणि त्याच श्वासात जाहिरातदाराचा सदनिका-प्रकल्पही गळी उतरवायचा. अशाही अवस्थेत काहीजण माणूस राहतात, याचे मला कौतुक वाटते. उत्साहाचे मला वावडे नाही. सायानींच्या आवाजात काय उत्साह कमी होता? आक्षेप एवढाच की, जाहिरात कोठे सुरू झाली हे ज्या बोलण्यात कळत नाही, त्यात बोलणारा कोणाच्या वतीने जामीन राहतो आहे हेही कळत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमीन सायानी निवर्तले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोलंडमधल्या ‘ऑफ रेडिओ क्राकूव’ या केंद्राने आपल्या जिवंत निवेदकांच्या जागी यंत्रबुद्धीने घडविलेले तीन निवेदक आणून बसविले; त्यांना नावे दिली, चेहरे दिले, आवडीनिवडी आणि पूर्वायुष्यही दिले. आणि यांतल्या एका अस्तित्वात नसलेल्या निवेदिकेने पोलिश कवयित्री विस्लावा शिंबोर्स्का यांची मुलाखत घेतली, त्या वर्षीच्या नोबेल पारितोषिकाविषयी त्यांचे मत विचारले. शिंबोर्स्का २०१२ सालीच वारल्या होत्या. मुलाखत कृत्रिम असल्याचे केंद्राने लपविले नव्हते, हे नमूद केले पाहिजे. तरी २० हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि तीन महिन्यांच्या मुदतीतले काही दिवस उलटतात तोच प्रयोग गुंडाळावा लागला. सोंग कबूल केलेले होते. मग ‘प्रपंच’ला जे माफ ते क्राकूवला का नाही? मला वाटते, मीनावहिनींच्या मागे नीलम प्रभू होत्या. रागवायचे झाले तर केंद्राच्या पत्त्यावर कार्ड टाकता येत होते आणि ते वाचून ओशाळणारे, हसणारे किंवा चिडणारे कोणीतरी तिथे होते.

माझ्या उन्हाच्या वाक्यावर आलेले ते पोस्टकार्ड ताईंनी ड्यूटी रूममधल्या फळ्यावर टाचणीने लावून ठेवले. दहा-बारा दिवस ते तिथे होते. मी येता-जाता त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करी. अधिकाऱ्यांचे म्हणणे, उत्तर देण्याचे कारण नाही, असली पत्रे येतच असतात. ताई म्हणाल्या, तुझं वाक्य आहे, तुझं तू बघ. पुढच्या कार्यक्रमात पत्रोत्तरांच्या अखेरीस मी चार ओळी वाचल्या: हा कार्यक्रम आम्ही सोमवारी ध्वनिमुद्रित करतो, तो तुम्ही गुरुवारी ऐकता, आमच्या स्टुडिओला खिडकी नाही, आणि त्या दिवशी ऊन पडलं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं. बस्स. चार ओळी लिहायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली होती.

पंधरवड्याने दुसरे कार्ड आले, तेच वळणदार अक्षर, शाई जराशी पसरलेली. ‘पत्रे बसवले. ओढा उतरला. आज इकडे ऊन आहे, तेव्हा तुम्ही खुशाल बोला. गाणी मात्र जुनी लावा.’